पर्वतीवरून दिसणारा कालवा

दाजींना माणसाचं नाव विचारलं तर ते गडबडायचे, पण त्याच्या शेताला पाणी कधी मिळतं ते झोपेतही सांगायचे. "मंगळवारी सकाळी सातचा गडी हाय त्यो," असं म्हणायचे. इंदापूर तालुक्यात खडकवासल्याचा कालवा जिथं संपत येतो, तिथले ते पाटकरी. कालव्याची दारं उघडायची, लावायची, ज्याची पाळी त्याला पाणी द्यायचं, हे त्यांचं काम. माझ्या अक्काचे ते यजमान आणि आमच्या वडिलांचे, आबांचे, अतिशय लाडके. त्या लाडावर मी वर्षानुवर्षं जळत आलो.

दाजी पिंपळीला आमच्या घरी आले की आबा खुलायचे. माझी नोकरी, माझा पुण्यातला फ्लॅट, सगळ्याला आबांचं एकच उत्तर: "बरं झालं." दाजी मात्र दाराला ग्रीस लावल्याचं सांगू लागले तरी आबा मांडी घालून ऐकत. एकदा अधिक महिन्यात जावयाला धोंडे खायला बोलावलं आणि नेमकी वीज गेली. आबा स्वतः पुठ्ठा घेऊन दाजींना वारा घालत बसले. शेजारच्या ताटावर मी घामानं भिजलो होतो.

सख्ख्या भावाचा ऊस वाळत होता, तरी दाजींनी पाळीआधी दार उघडलं नाही. भावानं बोलणं टाकलं. "त्याचा राग म्या सोसंन. पर खालच्याचं पाणी कसं तोडू?" असं दाजी म्हणाले होते. आबा हे भेटेल त्याला सांगत. माझ्याविषयी ते कुणाला काही सांगतात, असं माझ्या कानावर कधी आलं नाही.

म्हणून मी आबांना पुण्याला बोलावलं. त्यांना पर्वतीवर न्यायचं, सगळं पुणं दाखवायचं आणि एकदा तरी त्यांनी माझं ऐकत बसायचं, एवढंच मनात होतं. इतिहास वाचून ठेवला, चार दिवस पाठ केला. स्वारगेटला एसटीतून आबा उतरले आणि त्यांच्या मागून पिशवी घेऊन दाजी. "मामा एकटं कसं येतील, म्हणून आलो," म्हणाले. माझं तोंडच कडू झालं.

वर पोचल्यावर मी सुरुवात केली. "आबा, तो तिकडं शनिवारवाडा."

"व्हय का," म्हणत आबांनी पाहिलं. तेवढ्यात दाजी दुसऱ्या कठड्यापाशी ओरडलेच.

"मामा, हिकडं या! ह्यो बघा माझा कालवा!"

खाली घरांच्या गर्दीतून कालवा चालला होता. आबा लगबगीनं गेले. हितनं तुमच्यापतुर पाणी यायला किती दिस लागत्यात, वाटंत कोण कोण उचलतंय, प्रश्नांवर प्रश्न. "समद्यांचं पिऊन झाल्यावर आमी," दाजी हसत सांगत होते. तासभर दोघं कठड्याला टेकून होते. मी पाण्याची बाटली धरून मागं उभा.

उतरताना आबा पायरीवर दम खायला बसले. दाजी माझ्याजवळ आले. "पुणेकर, तुमचं सांगायचं राह्यलं. मला सांगा की." मी तुटकपणे सांगितलं. त्यांनी मात्र मन लावून ऐकलं आणि विचारलं, "एवढा मोठा वाडा, मग पाणी कुठनं यायचं वं?"

मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन शोधलं. कात्रजच्या तलावातून, जमिनीखालच्या नळातून यायचं. दाजींना ऐकून केवढा आनंद झाला असता. मी मुद्दाम कळवलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात दाजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा आबा अंगणातच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. अक्काला सावरायचं सोडून मी त्यांच्याकडं बघत उभा राहिलो. मी गेलो तर हे इतकं रडतील का, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. मग मलाही हुंदका आवरेना. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मेव्हण्याचा लय जीव हुता बघ दाजीवर."

ते खोटं नव्हतं. पण ऐकून मला मान वर करता आली नाही.