अप्पाचा नेम

राठोडचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "अप्पा, गफूरभाई गेला," एवढंच तो बोलला... मी हातातला घास खाल्ला. ताटावरून उठायला हवं होतं, असं आता महिनाभरानं वाटतं. पण वेळेवर उठणं मला कधी जमलेलंच नाही.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आम्ही तिघं एकाच कचेरीत कारकून. राठोड किनवटचा, मी लोह्याचा. दोघंही खोली करून राहायचो. गफूरभाई तिथलाच. तरी घरची गरम भाकर सोडून तो दुपारी आमच्याबरोबर अक्कांच्या खानावळीत यायचा. "एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाई," म्हणायचा. खानावळीत गर्दी अशी, की पुढचं गिऱ्हाईक पाठीशी उभं राहून आपली भाकर किती उरली ते बघायचं. गफूरभाई लवकर येऊन बाकावर पाय पसरून आमच्या जागा धरायचा आणि लोकांच्या शिव्या हसत ऐकून घ्यायचा.

मग दुष्काळ पडला. अक्कांनी बजावलं, "जेवा पोटभर, पाणी ज्याचं त्यानं आणा." गफूरभाईच्या आडाला पाणी होतं. तो सायकलीला ॲल्युमिनियमचा कॅन अडकवून आणायचा आणि आधी आमचे पेले भरायचा. दोन महिने मी तेच पाणी प्यालो.

एके दिवशी आमच्या बाकावर आमचे साहेब येऊन बसले. कोण लातूरला राहणार आणि कोण तालुक्याला जाणार, ती यादी त्यांच्या हाती होती. गफूरभाईनं त्यांच्यापुढेही पेला भरून ठेवला. "पाणी कुठलं?" त्यांनी विचारलं.

"गफूरभाईच्या आडाचं, साहेब," राठोड म्हणाला.

साहेबांनी पेला बोटानं बाजूला सारला आणि माझ्याकडे पाहिलं. माझा पेला ओठांपाशी होता. मी तो खाली ठेवला. "माझा तर नेम हाय साहेब, मी घरचंच पितो."

राठोडनं मान खाली घातली. गफूरभाईनं माझा पेला उचलला, स्वतः पिऊन टाकला. दुष्काळात पाणी कोण सांडणार? "आधी सांगायचं न्हाई का अप्पा," तो म्हणाला.

मी लातूरलाच राहिलो. गफूरभाईची उदगीरला रवानगी झाली. त्यानं कधी भांडण काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. चार शिव्या खाऊन मी मोकळा झालो असतो. पुढे तो लातूरला परतला, साहेब कधीच निवृत्त झाले, आता कुणाला भ्यायचं कारण नव्हतं. तरी मी बोललो नाही. भ्याडपणाचीही सवय होते. त्याच्या घरी जायचंही मी टाळलं. लग्नाकार्यात बाहेर भेटलो की तो आवर्जून विचारायचा, "अप्पा, तुमचं पाणी आणलंय ना?" टोमणा होता की काळजी, हे मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

परवा राठोडबरोबर गफूरभाईच्या घरी भेटायला गेलो. अंगणात आडाच्या कट्ट्यावर तो कॅन पालथा घातलेला होता, बुडाशी पोचे आलेला. भाभींनी राठोडला माठातलं पाणी दिलं. माझ्यापुढे दुकानातून आणलेली बंद बाटली ठेवली.

"यांनी सांगून ठेवलं होतं," भाभी म्हणाल्या, "अप्पा कवा आले तर त्यांचा नेम मोडू नका."

राठोड माझ्याकडे बघत होता. माठ हातभर अंतरावर होता... मी बाटलीचं बूच फिरवलं आणि प्यालो.