केळीच्या सोपटाचा दिवा

वसई पूर्वेच्या कारखान्यात मी एलईडी दिव्यांचं काम करते. दिव्यावरचं प्लास्टिकचं आवरण काढून केळीच्या सोपटाचं, म्हणजे खांबाच्या सालीचं, लावायचं, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं आणि निस्तरावं लागलं आईला. घड कापला की केळीचा खांब वाडीत कुजत पडतो. त्याचा लगदा करून कागदासारखं पातळ पान वाळवलं तर उजेड मऊ होतो, आणि पुढे त्या पानाचं खत होतं. निदान कागदावर तरी. माझं पहिलं पान इतकं जाड झालं की उजेड आतच मुक्कामाला राहिला. दुसऱ्यात तांदळाची पेज घातली. ते मुंग्यांनी फस्त केलं.

"पर्यावरणाला आवडलं बघ," आई म्हणाली. तिचं नाताळचं मोठं पातेलं मी लगद्यापायी वाया घालवलं होतं, त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता.

तरी हट्ट सोडला नाही, कारण पहिला दिवा मला तिच्यासाठीच हवा होता. नोव्हेंबरात, ऑल सोल्सच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या संध्याकाळी, गावातले सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. फादर प्रार्थना म्हणतात, मग लोक घरी जातात. डॅडी गेल्यापासून आई मात्र त्यांची मेणबत्ती संपेपर्यंत गवतात बसून राहते. वाऱ्याने ज्योत गेली तर पुन्हा लावते. माणिकपूरच्या डॉक्टरांनी तिला गुडघ्यांसाठी जमिनीवर बसायचं नाही असं बजावलंय. ती त्यांना "हो" म्हणते, एवढंच. न विझणारा दिवा ठेवला की ती निर्धास्त घरी येईल, असा माझा हिशेब.

यंदा पान जमलं. डॅडींच्या कबरीवर छान दुधाळ, पिवळसर उजेड पडला. शेजारच्या कबरीपाशी आलेले लोकही कौतुकाने बघून गेले. मी जमेल तितकी नम्र राहिले.

प्रार्थना संपली, माणसं पांगली. आई बसलेलीच.

"चल आई. हा सकाळपर्यंत विझत नाही."

"मग मी उठू कशी?"

मला वाटलं, माझी फिरकी घेतेय. "अगं, तू उठावंस म्हणून तर केला!"

"मेणबत्ती विझली की तुझे डॅडी झोपले असं धरून मी निघते," ती दिव्याकडे बघत म्हणाली. "आज जागेच आहेत. जाग्या माणसाला सोडून येऊ?"

मला हसू आलं, आणि पाठोपाठ मी दिव्याशी वाकले. दिवा बंद करावा, तर प्लास्टिक वाचवायच्या नादात मी त्याला बटणच ठेवलं नव्हतं. शेवटी ते जमून आलेलं पान मीच फाडलं आणि बॅटरीची तार ओढली.

आईने कबरीवरून एकदा हात फिरवला, आणि उठायला माझा हात मागितला.