खाटेवरूनच दिसणारा टीव्ही

कळंबच्या पुतळाबाईंचा टीव्ही मोठा मानी. तो फक्त त्यांच्या खाटेवरून धड दिसायचा. उभं राहून पाहावं तर सगळे नट पांढरेफटक, आणि खाली चटईवर बसावं तर भर दुपारचं लग्नही अमावास्येला लागल्यासारखं.

म्हणून संध्याकाळची वंदना आटोपली की शेजारच्या सोनाबाई आणि चिमा त्याच एका खाटेवर येऊन बसायच्या. "सरक गं!" या आरोळीशिवाय मालिका सुरू होत नसे. कोपरं लागायची, लसणीची सालं एकमेकींच्या पदरात जायची, खाट कुरकुरायची आणि पुतळाबाई तिच्याहून मोठ्यानं कुरकुरायच्या. "खाट मोडाल गं माझी!" म्हणायच्या आणि स्वतःच भिंतीकडे सरकायच्या. नवरा गेल्यापासून घरात एवढाच काय तो गलका.

मुलगा प्रीतम खालापुरात टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. चित्राच्या बाबतीत भलताच चोखंदळ. कुणाकडे जेवायला गेला तरी आधी रिमोट मागून भडक रंग उतरवायचा. आईच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार, हे त्याला फार लागायचं. एका रविवारी तो नवा टीव्ही घेऊन आला आणि जुना दुकानात घेऊन गेला.

"आये, आता कुठूनबी बघ. रंग हलायचा नाय."

खरंच हलला नाही. सोनाबाईंनी चटईवरून पाहिलं, चिमानं दारातून. दोघींनी तोंडभरून कौतुक केलं. आणि मग हळूहळू सोनाबाई आपल्याच ओट्यावर बसून पुतळाबाईंच्या खिडकीतून बघू लागल्या, चिमा आपल्या दारात भाजी निवडत. "आवाज वाढव गं!" एवढी फर्माईश तेवढी यायची. पुतळाबाईंना खाटेवर पाय पसरायला जागाच जागा झाली, पण पाय काही पसरवेनात.

त्यांनी प्रीतमला फोन केला. "टीव्ही बिघडलाय."

तो धावत आला. उभ्यानं पाहिलं, बसून पाहिलं, जमिनीवर आडवा पडूनही पाहिलं. "आये, कुठून नीट दिसत नाय?"

"सगळीकडून नीट दिसतोय रं! तोच तर बिघाड हाय!" पुतळाबाई खेकसल्या, आणि खेकसता खेकसता त्यांचे डोळे भरून आले.

प्रीतमनं रिकाम्या खाटेकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर ओट्यावरच्या सोनाबाईंकडे. चांगलं चित्र काढून वाईट लावायचं त्याच्या अगदी जिवावर आलं. तरी दुसऱ्या दिवशी दुकानाच्या माळ्यावर टाकलेला जुना टीव्ही पुसून आणला आणि होता तिथे बसवला.

संध्याकाळी मालिका सुरू झाली तशी ओट्यावरून हाक आली, "पुतळाबाय, माणसं काळी का पडली गं?" पाठोपाठ सोनाबाई सोलायची लसूण सुपात घेऊन दारात हजर, मागे चिमा.

"नवा बिघडला," पुतळाबाई तोंड पाडून म्हणाल्या.

"बरं झालं बाय," सोनाबाई म्हणाल्या. "सरक गं!"