जशी हाय तशी

"तोंड आण बे इकडं!" बीडच्या बसस्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात मी कामाला लागले, त्या दिवशी ऐकलेलं मालकांचं हे पहिलं वाक्य. हातातलं फडकं काउंटरवर ठेवून दुकानात झाडपूस करणारे मामा उजेडात आले आणि शर्टाचं वरचं बटण लावून उभे राहिले.

लहानपणी देवी आल्यानं त्यांचा चेहरा वणांनी भरलेला. नव्या फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करणारी सोय होती. मालक आधी साधा फोटो काढत, मग 'ब्यूटी' चालू करून दुसरा. दोन्ही शेजारी दिसले की गिऱ्हाईक हसे. मामाच म्हणत, "बघा, खड्डे बुजले. झाला रस्ता!" तुम्हीही हसला असता. मी हसायचे, खाली बघून.

मी इंग्रजी शाळेची, म्हणून माहितीपत्रक वाचून दाखवायला ठेवलेली. त्यापलीकडे माझ्या तोंडून शब्द निघत नसे.

एका दुपारी मामा मुलीला घेऊन आले. स्थळाकडे फोटो पाठवायचा होता. मी तोच नवा फोन उचलला, तसे म्हणाले, "ते ब्यूटी बंद करा, ताई. जशी हाय तशी येऊ द्या."

मी बंद केलं.

फोटो पसंत पडला. चौसाळ्याचे पाहुणे रविवारी मुलगी बघायला येणार होते. त्याआधीच मुलाचे काका सहज दुकानात आले. मामा माझ्या कानाशी पुटपुटले, "मालकाला सांगा, आज नको. तुमचं ऐकतेत."

मी 'हो' म्हणून मान हलवली. सांगितलं नाही.

"तोंड आण बे!"

काका दोन्ही फोटो बघून खूप हसले. मग थांबले. "पोरीचा फोटो ह्याच्यावरच काढलाय का?"

"हाव. पण ब्यूटी बंद होतं. इचारा ताईला."

सगळे माझ्याकडे वळले. मी हातातल्या पत्रकात बघत राहिले.

"बंद कावून ठेवतंय बे कोणी?" मालक म्हणाले. "बापाचा रस्ता झाला, पोरीचा न्हाई व्हणार?"

काकांनी चहा तसाच ठेवला. "रविवारचं कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

मामा पुन्हा आले नाहीत. त्यांचे दोन चेहरे फोनमध्ये राहिले. गिऱ्हाईक आलं की मालक म्हणत, "दाव गं मामा." मी दाखवत असे.

एकदा एका म्हातारीनं दोन्ही फोटो निरखून विचारलं, "पोरी, ह्यातलं खरं कोणतं?"

"ब्यूटी बंद होतं," मी म्हणाले.

तिला काही कळलं नाही. मालकांनी वर पाहिलं. मी पुन्हा, मोठ्यानं म्हणाले, "मुलीच्या फोटोत ब्यूटी बंद होतं. मीच बंद केलं होतं."