आठ दिवस निवडलेलं भात

चहाचा घोट आधी गिळा, मग सांगतो. नाहीतर ठसका लागेल आणि खापर माझ्यावर फुटेल!

पनवेलच्या कॉलेजात मी जनुकशास्त्र शिकवतो. "विविधता टिकली तरच जीव टिकतो" हे माझं वाक्य पोरं झोपेतही म्हणतात. असा मी तीन वर्षांपूर्वी जासईजवळ सुंदराकाकू नावाच्या शेतकरी बाईंकडे भाताचं बियाणं बघायला गेलो. आजूबाजूची शेतं कंटेनर यार्डांत गेली, पण काकूंनी खाडीकाठचा एक तुकडा राखलाय. उधाणाचं खारं पाणी शिरलं तरी तिथलं भात तगतं. गावात ते बियाणं आता फक्त त्यांच्याकडेच.

"काकू, थोडं माझ्याकडे द्या. तपासतो, पेरणीआधी परत आणतो." त्यांनी पिशवी दिली.

घरी उघडतो तर काय? लाल दाणे, काळे दाणे, कुसळांचे, बिनकुसळांचे, सगळी मिसळ! म्हटलं, बिचाऱ्या काकूंना भेसळ कळलीच नाही. ताट घेऊन बसलो. आठ दिवस निवडत होतो हो! बायको म्हणाली, "अहो, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, कधी मूठभर डाळ निवडली नाहीत!"

एकसारखे लाल दाणे ठेवले, बाकीचे गॅलरीत चिमण्यांना टाकले. वर चिमण्यांचा फोटो विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर: 'जैवविविधता जपा!' काय ती ऐट!

पिशवी घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी आत हात घातला आणि चेहराच उतरला.

"मास्तर, बाकीचं भात कुठं हाय?"

"काढून टाकलं, काकू. शुद्ध केलं!"

"आवो, काळं खाऱ्या पान्यात तगतं, लाल गोड्या पान्यात. कुसळाचं उभ्या शेतात पाखरं खात नाय. दरिया कवा आत येल, आमाला काय ठाव? म्हनून सगळं एकत्र पेरतो आमी!"

म्हणजे माझंच वाक्य, पिढ्यान्‌पिढ्या पेरलेलं! आणि मी ते चिमण्यांना चारलं. खरंच सांगतो, रडूच फुटलं. समुद्राने एवढी वर्षं घडवलेलं बियाणं मी आठ दिवसांत संपवलं होतं.

काकू आत गेल्या आणि दुसरी पिशवी घेऊन आल्या. तीच मिसळ!

"अर्धंच दिलं व्हतं तुमाला. म्हटलं, शिकल्यालं मानूस हाय, आपन जपून ऱ्हावं."

आता दर वर्षी कॉलेजात विविधतेचा तास काकूच घेतात, आणि त्याचा मला केवढा अभिमान आहे! दाणे हातावर घेऊन सांगतात, "ह्ये जपायचं." पोरं विचारतात, "कोणापासून?"

काकू माझ्याकडे बोट दाखवतात. मी उठून नमस्कार करतो.