शशिधररावांचे सेफ्टी व्हॉल्व्ह

शशिधररावांचा उजवा हात थरथरतो, हे इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात फक्त मला माहीत होतं. माझं डेस्क त्यांच्या शेजारी, आणि माझी नजर भोचक. आम्ही दोघंच मराठी, म्हणून चहाही बरोबर. ते वयाने बरेच मोठे. मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे आणि वर टोमणेही मारायचे. एकदा त्यांचा चहा सांडला तेव्हा बोलून गेले, “अहो, कप अर्धाच भरत जा. उरलेला कार्पेटलाच पाजता.” ते हसले नाहीत. हात खिशात घालून म्हणाले, “पार्किन्सन्स आहे, नंदा. इथे कोणाला बोलू नकोस.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. त्यांना काम सोडायचं नव्हतं. त्यांच्या बायकोचा, सुलक्षणावहिनींचा, मला फोन आला. “घरी बसले तर खुर्चीतून उठणारच नाहीत गं ते. ऑफिस आहे म्हणून सकाळी दाढी तरी करतात.”

गंमत म्हणजे कॉम्प्युटरने त्यांना वाचवलं होतं. आधी आम्ही कारखान्यांच्या पाइपलाइनी बोर्डावर शाईने काढायचो. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून खरवडून त्यांचा कागद पातळ व्हायला लागला होता. मग नव्वद साली सॉफ्टवेअर आलं. बाकीचे जुने ड्राफ्ट्समन कुरकुरले, हे मात्र खूश. माउस कितीही हलला तरी पडद्यावरची रेघ सरळच. साधे व्हॉल्व्हसुद्धा रेघेवर टाकले की आपोआप तिच्या दिशेने बसायचे. मला वाटलं, चला, निभावलं.

निभावलं कसलं डोंबल. सेफ्टी व्हॉल्व्ह असा आपोआप बसत नाही. टाकीत दाब वाढला की तो उघडतो आणि वाफ सोडून देतो, नाहीतर टाकीच फुटायची. वाफ खालून आत येणार, बाजूने बाहेर जाणार. म्हणून तिथे सॉफ्टवेअर थांबून विचारायचं, तोंड कुठे करू? माउस फिरवला की व्हॉल्व्ह गोल फिरायचा, आणि उभा राहिला की नेमकं तेव्हाच बटण दाबायचं. तेवढ्यात शशिधररावांचा हात उडायचा आणि व्हॉल्व्ह आडवा पडायचा, नाहीतर डोक्यावर उभा. कोन टाइप करायची सोय होती, तीही करून झाली. नव्वद टाइप करताना शून्य दोनदा पडायचं, आणि नऊशे अंश फिरलेला व्हॉल्व्ह भलतीकडेच तोंड करून बसायचा.

मग ते माझ्याकडे न बघता खुर्ची जरा मागे घ्यायचे. मी सरकून त्यांचा माउस हातात घ्यायचे, दोन क्लिक, की परत माझ्या जागी. वर्षभर त्यांचे सगळे सेफ्टी व्हॉल्व्ह मीच उभे केले. त्यांनी कधी आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर मी चिडलेच असते.

मग बहिणीच्या बाळंतपणासाठी मला साउथहॅम्प्टनला जावं लागलं. परत आले तर आमचा बॉस, कीथ, शशिधररावांचं ड्रॉइंग पसरून बसलेला. एका टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उलटा, त्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल. मी लगेच म्हटलं, “तो माझा.” खोटं बोलणं मला कधी जड गेलेलं नाही. पण शशिधरराव उठले. म्हणाले, “तिचा नाही, माझा. मला तो उभा करता येत नाही.” आणि त्यांनी खिशातला हात काढून ड्रॉइंगवर ठेवला. हाताखाली कागद वाजत राहिला.

नंतर मलाच रागावले. “दुसरं काहीही झाक, नंदा. सेफ्टी व्हॉल्व्हची चूक झाकायची नसते. खाली माणसं काम करत असतात.” मला त्यांच्या त्या सरळपणाचा इतका संताप आला की दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

कीथ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. त्याने त्यांना चेकर केलं. माउस नको, कीबोर्ड नको, दुसऱ्यांची ड्रॉइंग छापून घ्यायची आणि चुका शोधायच्या. नजर शाबूत होती, जन्म त्यातच गेलेला. त्यांनी ऑफिसातूनच वहिनींना फोन लावला. मी केक आणला.

सोमवारी पहिलं ड्रॉइंग आलं. शशिधररावांनी सकाळभर ते वाचलं, दोन चुका काढल्या, आणि मला बोलावून दाखवल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा खुललेला दिसला. चुका दुरुस्त होऊन ड्रॉइंग परत आलं. आता फक्त खाली कोपऱ्यात, नखाएवढ्या चौकटीत, चेकरने स्वतःच्या हाताने शाईत सही करायची. त्याशिवाय ड्रॉइंग ऑफिसाबाहेर जात नाही.

पहिली सही चौकट सोडून पाइपलाइनीवर गेली. मी नवी प्रिंट काढून आणली. तीही गेली. मग त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तर दोन्ही हात थरथरायला लागले. मी प्रिंट आणत राहिले. मला दुसरं येत काय होतं?

“नंदा,” ते हळूच म्हणाले आणि त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.

मी पेनाकडे हात नेला, आणि तसाच मागे घेतला. चौकटीवर छापलेलं होतं, तपासणाऱ्याची सही. त्यांनी माझा मागे गेलेला हात पाहिला आणि समजल्यासारखी मान हलवली. पेनाला टोपण लावायला गेले, तेही लागेना.

ते मी लावून दिलं.