कांडप बोलतंय

आमच्या कांडपावर संकेश्वरी मिरची पडली की वरंध्याच्या घाटात ट्रकवाले काचा वर करतात. भाटघरच्या धरणात मासे शिंकतात, हे तर मी स्वतः पाहिलेलं आहे. म्हणजे एका मासे धरणाऱ्यानं मला शपथेवर सांगितलं, ते पाहिल्यासारखंच. भोरमध्ये कुणी म्हातारं गेलं आणि घरातल्या सुनेला रडूच फुटेना, तर तिला आमच्या दारावरून एक चक्कर मारून आणतात. त्याचे आम्ही काही घेत नाही.

कांडप म्हणजे विजेवर चालणारी लोखंडी मुसळं. ओळीनं उभी, खाली उखळं, आणि दिवसभर धबाधबा वरखाली. शिमगा सरला की पार हिर्डोशीपासून मार्गासनीपर्यंतच्या बायका मिरची, धने, खोबरं गाठोड्यात बांधून येतात, नंबर लावतात आणि वर्षाचा मसाला कुटून नेतात. डोंगरातल्या गावाला एसटी कधी येईल ते एसटीलाच ठाऊक नसतं. त्यामुळं घर सोडण्याआधी बाई फोन करून विचारायची, आज येऊ का उद्या. फोन घ्यायची आमची मंडळी. तिला कुणाच्या घरी लग्न निघालंय, कुणाला तिखट सोसत नाही, कुणाची सासू देठं न काढता मिरची पाठवते, सगळं पाठ.

दुकानाला नाव माझं आहे. आईनं ठेवलं होतं, पाटी तिनंच रंगवून घेतली. मंडळीनं मात्र लग्न झाल्यापासून ते नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आताच्या पोरी नवऱ्याला भर बाजारात नावानं हाक मारतात आणि नवरे शेपूट हलवत येतात, पण मंडळी जुन्या वळणाची. मग फोनवर दुकानाचं नाव सांगणार कसं? तिनं तोड काढली. फोन उचलला की म्हणायची, "हॅलो, कांडप बोलतंय."

वेल्ह्याकडच्या एका म्हातारीला खरंच वाटायचं की यंत्रच बोलतं. तिनं एकदा विचारलं होतं, "तुजा पट्टा तुटला व्हता म्हनं. दुखतंय का आता?"

"न्हाई आजी, बरं हाय. या तुमी," मंडळी म्हणाली.

तसं लग्नात तिनं माझं नाव घेतलं होतं. उखाण्यात घ्यावंच लागतं, त्याला रीतही आडवी येत नाही. पण उखाणा शेवटाला आला आणि नेमका त्याच घडीला बेंजोवाला पेटला. आमच्या लग्नाचा बेंजो असा होता की नदीपलीकडचे बैल दावी तोडून पळाले. मला तिचे फक्त ओठ हललेले दिसले. नंतर मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"म्हनायचं त्ये म्हनले. तुमी कान कुठं ठिवला व्हता?"

पुन्हा म्हणून दाखव म्हटलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. संसारात पुढं मी कितीदा विचारलं, ती दर वेळी कामाला लागली.

मागच्या एका उन्हाळ्यात तिचा आवाज बसला. मिरचीच्या धंद्यात आवाज बसणं म्हणजे न्हाव्याच्या दुकानात केस सापडण्यासारखं, आम्ही लक्षच दिलं नाही. गूळ-हळद झाली, काढे झाले. दिवाळी गेली तरी आवाज उठेना, तेव्हा पुण्याला नेलं. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, गाठ आहे, वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही.

मी विचारलं, "तिखटानं झालं का?"

"तसं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. कात्रज गेलं. कापूरहोळला गाडी भोरकडं वळली तेव्हा तिनं बाहेर बघतच विचारलं, "मग फोन कोनी घ्यायचा?"

मला रडता येत नाही. इतकी वर्षं मिरचीत काढल्यावर डोळ्यांना कशाचंच काही वाटत नाही. मी आपलं फेकलं, "आपण मोबाईलचं ॲप काढू. तुझा आवाज त्यात भरून ठिवू. तू नुसती बसून ऱ्हा, त्यो बोलंल."

तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या थापा तिला ओळखू यायच्या. पण या थापेवर ती म्हणाली, "तसं आसतंय व्हय?" आणि मग ती थाप खरी करणं मला भाग पडलं.

ॲपवाला मला सारोळ्याला मिळाला, पुलाजवळच्या हॉटेलात. त्यानं त्या हॉटेलचं ॲप केलं होतं. त्यात मिसळ अशी दिसायची की मोबाईलची काच चाटावी. फक्त ती टेबलावर यायची नाही. तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण पुण्याचा माणूस, वय तिशीचं, दाढी कोरलेली, लॅपटॉपला सगळीकडून चिकटपट्ट्या, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "टेन्शन घेऊ नका काका." ज्याला टेन्शन असतं त्याला असा माणूस देवासारखा वाटतो. मी आगाऊ रक्कम तिथंच दिली.

तो म्हणाला, ॲपमध्ये नंबर लागेल, एसटीची वेळ कळेल, मसाला तयार झाला की घंटी वाजेल. मी विचारलं, देठं काढलीत का नाही ते कळंल का? "ते पुढच्या व्हर्जनमध्ये," तो म्हणाला.

"आवाज मात्र आमच्या मंडळीचाच पाहिजे. बाकी काय बी चुकलं तरी चालंल."

"काकूंचाच असणार. टेन्शन घेऊ नका."

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तो माईक घेऊन आला. मी मुसळं बंद केली. लग्नाच्या मसाल्यासाठी नंबर लावून बसलेल्या बायकांना गप्प बसायला सांगितलं, आणि त्या बसल्या. भोर तालुक्याच्या इतिहासात असं पूर्वी कधी घडलेलं नाही. मंडळी खुर्चीवर बसली, घोटभर पाणी प्याली आणि खरखरीत आवाजात एकेक वाक्य बोलू लागली. मिरची वाळवून आणा. देठं काढून आणा. खोबरं येगळं बांधा. पहिल्या एसटीनं या. मग म्हणाली, "हॅलो, कांडप बोलतंय."

ॲपवाल्यानं हात वर केला. "काकू, इथं दुकानाचं नाव लागेल. ॲप उघडलं की पहिलं तेच ऐकू आलं पाहिजे."

"त्ये ह्यांचं नाव हाय."

"हो, मग?"

"मग काय. न्हाई घेत."

तो माझ्याकडं पाहायला लागला. मी छताकडं पाहायला लागलो. मार्गासनीची एक बाई गाठोड्यावरून म्हणाली, "घे की गं वैनी. आता काय त्यो नाव घेतल्यानं पळून जातोय व्हय?"

"पळून गेला तरी सांजच्याला भाकरीला येतोय," दुसरी म्हणाली.

"उखान्यात घे. उखान्यात चालतंय," पहिलीनं सुचवलं.

मंडळी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "समद्यांनी भायेर व्हा."

बायका उठल्या. मी बसून राहिलो.

"तुमी बी."

"अगं, माझंच नाव हाय न्हवं?"

"म्हनूनच. तुमी ॲपात ऐका."

मी बाहेर आलो. दार लोटलं गेलं. आत फक्त ती आणि कानाला बोंडं लावलेला तो परका माणूस. रस्त्यावर उन्हात मी आणि सगळ्या बायका असे उभे होतो की येणारेजाणारे थांबून विचारायला लागले, कोण बाळंत होतंय. बऱ्याच वेळानं दार उघडलं. ॲपवाला वायर गुंडाळत म्हणाला, "मस्त झालं काका." मंडळी आत पाणी पीत होती आणि माझ्याकडं बघायला तयार नव्हती. साठीला टेकलेली बाई, पण कान लाल झाले होते. हे वाढवून सांगत नाही.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. गळ्याला पुढून एक भोक राहिलं, श्वास आता तिथून. मिरचीची धूळ त्यात जाऊ द्यायची नाही, म्हणून तिचं कांडपावर बसणं संपलं. घर मागंच आहे, ती मागच्या पडवीत बसू लागली, गळ्याला पातळ रुमाल बांधून. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. तिनं लावून पाहिलं. पंप पाणी ओढताना घरघरतो तसा आवाज आला. तिनं ते पुसून डब्यात घालून ठेवलं.

मी ॲपची वाट पाहत होतो. ॲपवाला म्हणायचा, "उद्या काका." त्याचा उद्या आमच्या हिर्डोशीच्या एसटीसारखा होता, लागलेला असायचा, निघायचा नाही. सर्व्हर म्हणाला, टेस्टिंग म्हणाला, मंजुरी म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, ॲप राहू दे. त्यो आवाज तेवढा पाठव."

"अर्धवट कसं पाठवू काका? सगळं एकदमच देतो."

पुढं त्यानं फोन उचलणं बंद केलं. मी पुण्याला त्याचं ऑफिस शोधत गेलो. तिथं एका मोठ्या खोलीत शंभर माणसं शंभर धंदे करत होती आणि त्याच्या टेबलावर कुणीतरी वेल्ह्यातलेच प्लॉट विकत होतं. मलाही एक विकायला निघाला होता.

सीझन तोंडावर आला आणि एके सकाळी ॲप आलं. आपोआप, मोबाईलवर. मी मुसळं बंद केली, पडवीत गेलो, तिच्या शेजारी बसलो. तिनं पदर सारखा केला, जसं कुणी पाहुणं येणार आहे. मी बोट दाबलं.

एक बाई बोलली. "नमस्कार. मिरची कांडप केंद्रामध्ये आपले स्वागत आहे." आणि आधी माझं नाव, अख्खं, आडनावासकट. बँकेच्या फोनवर बोलते ना, तसली धुतलेली बाई. तिनं माझं नाव न अडखळता घेतलं, डाक वाटल्यासारखं.

मंडळीनं माझ्या हातातून मोबाईल घेतला, पुन्हा दाबला, पुन्हा ऐकलं. मग तो माझ्या मांडीवर ठेवला आणि वाळत घातलेले धने हलवायला उठली.

मी शेजाऱ्याच्या मोबाईलवरून ॲपवाल्याला फोन लावला. त्यानं उचलला, वर विचारलं, "काका, आवडलं का?"

"ही कोण हाय?"

"एआयचा आवाज आहे. काकूंचा आवाज फार बसलेला होता हो. खरखर होती, मध्येच थांबल्या, पाणी प्यायल्या. लोकांना ऐकवत नाही ते. म्हणून बदलला. त्याचे वेगळे पैसे नाही लावले."

"मूळचा कुठाय?"

"तो काढून टाकला काका. लॅपटॉप भरला होता."

मला शिव्या येतात. आमच्या शिव्यांनी बंद पडलेली मोटार सुरू होते. त्या वेळी एकही आली नाही. मी एवढंच विचारलं, "काय म्हणली व्हती ती? उखाण्यात?"

तो खरोखर आठवत असावा. "यमक होतं काहीतरी. नदीचं काहीतरी होतं. छान होतं, काका."

नदीचं काहीतरी. नीरा असेल, वेळवंडी असेल, तिच्या माहेरची कानंदी असेल. मी प्रत्येकीला माझं नाव जोडून पाहिलं. कुणाशीच जुळत नाही.

तिचा आवाज म्हणाल तर तो शोधल्यास सापडेल. हिर्डोशीच्या कितीतरी बायकांच्या मोबाईलात, आपोआप रेकॉर्ड झालेल्या फोनांत, तो अजून आहे, देठं काढून आण म्हणणारा. एकीनं मला ऐकवला. मी पुरता ऐकून घेतला आणि तिचा नंबर सगळ्यांच्या आधी लावला. पण त्यात माझं नाव कुठून असणार?

ॲप मी काढून टाकलं. तोवर बोभाटा झालाच होता. "दादा, वैनी आजारी पडली न्हाई तवर ही कोन आनून बसवली?" असं मला भर दुकानात विचारलं गेलं. वेल्ह्याच्या म्हातारीनं निरोप धाडला, नवा पट्टा चांगला नाही, जुनाच बसवा. आता फोन पुन्हा मंडळीच घेते. पलीकडची बाई सगळं बोलते, आणि ही वाटीनं फरशीवर टकटक करते. एकदा वाजलं की ये, दोनदा वाजलं की नको. बायकांचं अडत नाही. काही जणी तर तासभर बोलत बसतात.

परवा दुपारी लाईट गेली. मुसळं थांबली, बायका स्टँडसमोर चहाला गेल्या. मी दोन कप घेऊन पडवीत आलो आणि बसता बसता विचारलं, "काय म्हणाली व्हतीस गं त्या दिवशी?"

तिनं कप खाली ठेवला. रस्त्याकडं पाहिलं, कुणी नव्हतं. रुमाल सारखा केला. आणि मग तिचे ओठ हलले. सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठं घाई नाही. या वेळी बेंजो नव्हता. गळ्यातून फक्त श्वास येत-जात होता, तेवढा ऐकू आला.

संपल्यावर तिनं भुवया उंचावल्या. ऐकलं का?

"ऐकलं की," मी म्हणालो.

ती चहा प्यायला लागली. लाईट आली आणि पुढं मुसळं सुरू झाली.